प्रकाशित नामफलक

प्रकाशित नामफलक : दुकान, कार्यालय, रुग्णालय, उपाहारगृह इ. व्यवसायस्थानांचे नाव रात्रीही स्पष्ट दिसावे म्हणून कृत्रिम प्रकाशाने उजळलेल्या फलकास प्रकाशित नामफलक म्हणतात. ज्या फलकावर बाहेरून झोत टाकलेला असतो तो बाह्यप्रकाशित व ज्याच्या पोटात दिवे असतात तो अंतःप्रकाशित होय. बाजारात दुसऱ्या प्रकारास ‘ग्लो साइन बोर्ड’ हे नाव रूढ आहे. अंतःप्रकाशित फलकाचा सांगाडा बराच काळ टिकतो. मात्र त्याचा दर्शनी पट व दिवे त्यामानाने लवकर निकामी होतात. त्यामुळे संपूर्ण फलक टाकून न देता जुन्या डब्यावर नवा पट बसविणे व आतील प्रकाशयोजना सुधारणे, हा या व्यवसायातील एक नित्याचा व काटकसरीचा भाग झाला आहे. महाराष्ट्रात २०२२ नंतर मराठी नामफलकांविषयीच्या कायद्यातील सुधारणेमुळे या कामास विशेष महत्त्व आले. प्रस्तुत नोंदीत फलकाची रचना, दर्शनी पट बदलण्याची रीत, प्रकाशयोजनेतील सुधारणा आणि त्यांतील धोके यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : विजेच्या प्रसारापूर्वी बाजारपेठांतील फलक लाकडावर अथवा पत्र्यावर तैलरंगांनी रंगविलेले असत आणि संध्याकाळनंतर दुकानातील गॅसबत्तीचा जेवढा उजेड बाहेर पडे, तेवढ्यावरच त्यांचे वाचन अवलंबून असे. विद्युत् दिव्यांनी अक्षरे रेखाटण्याचा एक आरंभीचा प्रयोग १८८२ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील प्रदर्शनात झाला. निऑन वायूचा शोध विल्यम रॅम्झी व मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये लावला. झॉर्झ क्लोद या फ्रेंच अभियंत्याने निऑन भरलेल्या नलिकांचा तांबूस-नारिंगी प्रकाश १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात दाखविला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत हे फलक जगभर पसरले. काचेची नळी तापवून हाताने अक्षराच्या आकारात वाकविणे हे त्यातील मुख्य कौशल्य होते. भारतातील मोठ्या शहरांत चित्रपटगृहे, उपाहारगृहे व मोठ्या पेढ्या यांनी हे फलक स्वीकारले.

अनुस्फुरक प्रकाशनलिका १९३८ मध्ये बाजारात आली. याच दशकात ॲक्रिलिक प्लॅस्टिकच्या पारदर्शक तक्त्यांचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. या दोहोंच्या संयोगातून आजचा पेटीसारखा अंतःप्रकाशित फलक निर्माण झाला. महाराष्ट्रात छोट्या गावांतून मात्र हाताने अक्षरे रंगविणारा ‘पेंटर’ विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत फलकांचा मुख्य कर्ता होता. संगणकाच्या साहाय्याने व्हिनाइल कापण्याची यंत्रे व त्यामागोमाग फ्लेक्सवर छपाई करणारी यंत्रे आल्यावर त्याचे काम झपाट्याने घटले.

प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ म्हणजे एलईडी हा दिव्यांतील अलीकडचा टप्पा होय. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दृश्य तांबडा प्रकाश देणारे द्विप्रस्थ तयार केले. तेजस्वी निळा प्रकाश मिळविण्यास मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले. त्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या द्विप्रस्थावर पिवळ्या अनुस्फुरक पदार्थाचा थर दिला की पांढरा प्रकाश मिळतो. भारतात २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेमुळे असे दिवे घरोघरी पोहोचले व त्यांच्या किंमती उतरल्या. नामफलकांच्या धंद्यातही निऑन व प्रकाशनलिका यांची जागा त्यांनी बव्हंशी घेतली आहे.

रचना : पेटीसारख्या फलकाचे चार मुख्य भाग असतात. (१) सांगाडा : हा लोखंडी चौकोनी नळ्यांचा अथवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा असतो व भिंतीत पक्क्या खिळबोल्टांनी बसविलेला असतो. (२) डबा : पाठीमागचा व बाजूंचा पत्रा. तो आतून पांढरा रंगविलेला असतो, कारण दिव्यांचा मागे जाणारा प्रकाश त्याने परावर्तित करून पुढे पाठवावयाचा असतो. (३) दर्शनी पट : यास कारागीर ‘फेस’ म्हणतात. तो अर्धपारदर्शक असून अक्षरे त्यावरच असतात. (४) दिवे व त्यांचा विद्युत् पुरवठा. जुन्या फलकांत प्रकाशनलिका, चोक व स्टार्टर. नव्या फलकांत एलईडीची छोटी मोड्यूले अथवा पट्ट्या व १२ व्होल्ट एकदिश दाब देणारा पुरवठा संच, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘एसएमपीएस’ अथवा ‘ड्रायव्हर’, असतो.

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक अक्षर हीच एक स्वतंत्र पोकळ पेटी असते. तिच्या कडा पत्र्याच्या व दर्शनी भाग ॲक्रिलिकचा असतो. काही फलकांत प्रकाश अक्षराच्या पुढून न येता मागील भिंतीवर पडतो आणि अक्षर काळसर, पण भोवती प्रभा असलेले दिसते. या प्रकारांत दर्शनी पट बदलणे म्हणजे अक्षरन्‌अक्षर उघडणे असल्याने काम अधिक वेळ घेते.

दर्शनी पटाची द्रव्ये : सर्वांत टिकाऊ व सुबक द्रव्य म्हणजे दुधी ॲक्रिलिक. त्याची जाडी सामान्यतः ३ ते ५ मिमी. असते. ते उन्हाने फारसे पिवळे पडत नाही. परंतु आघाताने तडकते. पॉलिकार्बोनेट आघात सहन करते, पण अतिनील किरणांपासून रक्षण करणारा थर त्यावर नसल्यास ते कालांतराने पिवळसर होते. विणलेल्या धाग्यांवर पीव्हीसीचा थर दिलेले अर्धपारदर्शक फ्लेक्स सर्वांत स्वस्त व हलके असते. मोठा फलक सांधा न देता एकाच तुकड्यात होऊ शकतो, हा त्याचा लाभ. तथापि उन्हातान्हात त्यातील मऊपणा देणारी द्रव्ये निघून जाऊन ते कडक होते व वाऱ्याने चिरते. अपारदर्शक ॲल्युमिनियम संयुक्त तक्ता, म्हणजेच एसीपी, पार्श्वभूमीसाठी वापरतात व त्यावर उजळणारी अक्षरे बसवितात.

वजनातील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. ३ मी. लांब व १ मी. उंच पटास ५ मिमी. ॲक्रिलिक वापरल्यास त्याचे वजन सु. १८ किग्रॅ. भरते, ३ मिमी. चे सु. ११ किग्रॅ.; तर तेवढ्याच फ्लेक्सचे दीड किग्रॅ. च्या आसपास. फ्लेक्ससाठी केलेल्या हलक्या चौकटीवर विचार न करता ॲक्रिलिक चढविल्यास चौकट खाली झुकते.

पट बदलण्याची कारणे : रंग उडणे, तडा जाणे, व्यवसायाचे नाव वा मालक बदलणे, ही नेहमीची कारणे होत. बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव राजा (ता. खामगाव) यांसारख्या गावी उन्हाळ्याचे दाहक ऊन, मशागतीच्या दिवसांतील धूळ व मृगापूर्वीचे वादळी वारे हे फलकाचे तीन मुख्य शत्रू ठरतात. पश्चिमाभिमुख फलकाचा रंग दुपारच्या उन्हाने उत्तराभिमुख फलकापेक्षा लवकर फिका पडतो. खेड्यातील औषधांचे दुकान किंवा कृषी सेवा केंद्र यांचा फलक हा केवळ जाहिरात नसून रात्री-अपरात्री येणाऱ्या माणसाला वाट दाखविणारी खूण असते. अशा फलकाचे अर्धे नाव विझलेले असणे ही त्यामुळे निव्वळ शोभेची उणीव राहत नाही.

मराठी नामफलकांविषयीच्या तरतुदी : महाराष्ट्रात दुकानांचे फलक मराठीत असावेत, अशी तरतूद मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ खालील नियमांतही होती. त्या अधिनियमाच्या जागी महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ आला. नव्या व्यवस्थेत दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापना फलकाच्या सक्तीतून सुटल्या होत्या. राज्य विधिमंडळाने मार्च २०२२ मध्ये केलेल्या सुधारणेने ३६-क हे कलम घालून ही पळवाट बंद केली. त्यानुसार लहानमोठ्या सर्व आस्थापनांचा नामफलक देवनागरी लिपीत मराठीत असावा लागतो. अन्य भाषेत व लिपीतही नाव देता येते. परंतु मराठी नाव आरंभी असले पाहिजे व त्याची अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असता कामा नयेत. मद्यविक्री करणाऱ्या आस्थापनांना महापुरुषांची व गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई आहे.

मराठी फलकांच्या सक्तीस किरकोळ व्यापाऱ्यांच्या एका संघटनेने आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने ही याचिका फेब्रुवारी २०२२ मध्ये फेटाळली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी फलक बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ऐन दसरा-दिवाळीत आलेल्या या मुदतीमुळे मुंबई, पुणे आदी शहरांत फलक बदलण्याची एकच घाई उडाली. तत्पूर्वी ज्यांनी केवळ कोपऱ्यात बारीक मराठी अक्षरे डकवून वेळ मारून नेली होती, त्यांना संपूर्ण दर्शनी पट नव्याने करावा लागला. एप्रिल २०२४ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेने नियम न पाळणाऱ्यांचा मालमत्ता कर दुप्पट करण्याचे व प्रकाशित फलकांचे परवाने रद्द करण्याचे जाहीर केले. भाषाविषयक अशा तरतुदी अन्य राज्यांतही आहेत. कर्नाटकाने २०२४ मध्ये फलकावरील ६० टक्के भाग कन्नडला देण्याचा कायदा केला. त्याचा परिणाम बेळगाव भागातील मराठी व्यापाऱ्यांच्या फलकांवरही झाला.

या तरतुदींमागील तत्त्व साधे आहे. ज्या गावात दुकान आहे, त्या गावच्या माणसाला ते वाचता यावे. परंतु कायद्याने लिपी व अक्षरांचे तुलनात्मक माप ठरते; फलक वाचता येईल की नाही, हे मात्र अक्षरांच्या घडणीवर व प्रकाशावर अवलंबून राहते. पुष्कळ फलकांत हीच गोष्ट दुर्लक्षिली गेली.

देवनागरी अक्षरे व प्रकाश : रोमन लिपीतील मोठी अक्षरे एका पातळीवर उभी असतात. देवनागरीस तीन पातळ्या लागतात : शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, मध्ये अक्षराचा देह, आणि खाली उकार, ऋकार इत्यादी. वरच्या व खालच्या पातळ्या देहाच्या प्रत्येकी एकतृतीयांश धरल्या, तर ५० सेंमी. उंचीच्या देहास एकूण सु. ८३ सेंमी. जागा लागते. १ मी. उंचीच्या पटावर वर-खाली प्रत्येकी ८ सेंमी. समास सोडल्यास केवळ मराठी नाव या मापाने बसते. त्याच पटावर खाली तेवढ्याच उंचीचे रोमन नाव व दोहोंत माफक अंतर ठेवावयाचे झाल्यास देहाची उंची सु. २९ सेंमी. वर येते. म्हणजे जुन्या डब्यात दोन लिपी कोंबताना दोन्हींची वाचनीयता घटते. अशा वेळी मराठी नाव मुख्य पटावर आणि अन्य लिपीतील नाव लहान करून बाजूस अथवा दारावर देणे श्रेयस्कर व कायद्यासही धरून असते. याउलट काही कारागीर उंची वाचविण्यासाठी वेलांट्या व उकार दाबून बसके करतात. दुरून पाहणाऱ्यास मग ऱ्हस्व-दीर्घ तर सोडाच, काना व वेलांटी यांतील भेदही कळत नाही.

रोमन अक्षरांसाठी असा ठोकताळा आहे की, दर ३ मी. अंतरास २५ मिमी. उंची दिल्यास अक्षर ठळक दिसते आणि अंतर १० ते १२ मी. झाले की वाचनाची मर्यादा येते. देवनागरी अक्षरांतील गाठी, जोडाक्षरे व बिंदू यांचा विचार करता हाच हिशेब देहाच्या उंचीला लावून वर थोडी सढळ वाढ करणे युक्त ठरते.

उजळलेल्या अक्षराची कड डोळ्यास पसरल्यासारखी दिसते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर असल्यास हा परिणाम अधिक जाणवतो. त्यामुळे ‘ष’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांसारख्या अक्षरांतील पोकळ्या प्रकाशाने भरून जातात. यासाठी उजळणाऱ्या अक्षरांची रेघ छापील अक्षरापेक्षा किंचित बारीक व आतील पोकळी मोठी ठेवतात. शिरोरेषा सलग ओढण्याच्या सवयीने ‘ध’ चा ‘घ’ व ‘भ’ चा ‘म’ झालेला अनेक फलकांवर आढळतो, कारण या अक्षरांचे वेगळेपण शिरोरेषेतील खंडावर अवलंबून असते. सुट्या अक्षरपेट्यांच्या प्रकारात रोमन अक्षरे एकेकटी बसतात. देवनागरी शब्द मात्र शिरोरेषेने जोडलेला असल्याने पूर्ण शब्दाची एकच लांब पेटी करावी लागते, अथवा शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तोडून जुळवावी लागते. दुसऱ्या पद्धतीत सांध्यांतून काळ्या फटी दिसतात. अनुस्वार व मात्रा यांच्या पेट्या फार लहान असल्याने त्यांत निदान एक स्वतंत्र मोड्यूल बसेल, एवढी जागा ठेवणे अगत्याचे आहे. ते विझल्यास ‘रंग’ चा ‘रग’ व ‘तेल’ चे ‘तल’ होते.

मराठी अक्षररेखनाची परंपरा समृद्ध आहे. बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांचा सखोल अभ्यास केला. ‘मंगल’ या संगणकीय अक्षरवळणाचे कर्ते र. कृ. जोशी (१९३६–२००८) आणि नाटक-चित्रपटांच्या शीर्षकांचे रेखनकार कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी अक्षरास स्वतःचे व्यक्तिमत्त्व असते, हे दाखवून दिले. संगणकात जे वळण प्रथम समोर येईल ते ताणून वा दाबून फलकावर चढविण्याच्या आजच्या रीतीत ही दृष्टी क्वचितच आढळते.

पट बदलण्याची कृती : प्रथम फलकाचा विद्युत् पुरवठा केवळ बटणाने नव्हे, तर मुख्य खटक्यापासून तोडतात व तपासणीदिव्याने खात्री करून घेतात. निऑनच्या फलकातील रोहित्र १५,००० व्होल्टपर्यंत दाब देत असल्याने तेथे तज्ज्ञाखेरीज कोणी हात घालू नये. त्यानंतर पट धरून ठेवणारी कडेची पट्टी काढून जुना पट सरकवून बाहेर घेतात. नव्या पटाचे माप जुन्या पटावरून न घेता चौकटीवरून घेतात, कारण जुना पट वाकलेला वा आकसलेला असू शकतो. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजल्यास ती काटकोनात आहे की नाही, तेही कळते.

ॲक्रिलिक कापताना प्रसरणासाठी जागा सोडणे हा या कामातील कळीचा नियम होय. ॲक्रिलिकचे रेषीय प्रसरण दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सु. ०·०७ मिमी. असते. हिवाळ्यातील पहाटेचे १० अंश व उन्हाळ्यात तापलेल्या पटाचे ६० अंश, असा ५० अंशांचा फरक धरल्यास ३ मी. लांबीचा पट सु. १०·५ मिमी. ने वाढतो; लोखंडी चौकट मात्र सु. १·८ मिमी. एवढीच वाढते. हा सु. ९ मिमी. चा फरक सामावून घेण्यास जागा नसल्यास पट फुगतो अथवा स्क्रूच्या भोकापाशी तडकतो. म्हणून पट घट्ट न आवळता खाचेत सैल बसवितात आणि भोके पाडावीच लागली, तर ती स्क्रूपेक्षा मोठी ठेवतात. हिवाळ्यात बसविलेल्या पटास अधिक व भर उन्हाळ्यात बसविलेल्यास कमी जागा सोडतात.

अक्षरांसाठी वापरावयाचे व्हिनाइल अर्धपारदर्शक जातीचे असावे लागते. साधे अपारदर्शक व्हिनाइल दिवसा रंगीत, पण दिवे लागताच काळे दिसते. ते डकविताना पटावर साबणाचे पाणी शिंपडून रबरी पट्टीने हवेचे बुडबुडे बाहेर काढतात. पट साफ करण्यास थिनर, पेट्रोल वा स्पिरिट वापरल्यास ॲक्रिलिकवर बारीक भेगांचे जाळे उमटते; सौम्य साबण व मऊ फडके एवढेच पुरेसे असते. डबा उघडला असता आतील धूळ, किड्यांचे थर व पालींची घरटी काढून पांढरा रंग पुन्हा द्यावा. त्याने उजेडात पडणारा फरक पुष्कळदा नवीन दिव्यांइतका असतो.

प्रकाशयोजनेतील सुधारणा : ३ मी. × १ मी. फलकात ४० वॉटच्या सहा प्रकाशनलिका आहेत, असे समजू. चोकमधील व्यय धरून प्रत्येकी सु. ५० वॉट, म्हणजे एकूण ३०० वॉट शक्ती खर्च होते. रोज पाच तास दिवे लावल्यास वर्षाला सु. ५४८ युनिट वीज लागते. त्याच डब्यात १ वॉटची ७२ मोड्यूले बसविल्यास पुरवठा संचातील व्यय धरून सु. ८४ वॉट लागतात व वर्षाचा खर्च सु. १५३ युनिट होतो. म्हणजे सु. ३९४ युनिटांची बचत होते. कमी शक्तीत तेवढाच उजेड कसा मिळतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. प्रकाशनलिका सर्व दिशांना प्रकाश फेकते व त्यातील मोठा भाग डब्यातच जिरतो. मोड्यूल मात्र जवळजवळ सर्व प्रकाश पुढे, पटाकडे पाठविते.

यातूनच एक अडचणही उद्भवते. प्रकाश बिंदूंतून येत असल्याने डबा उथळ असल्यास पटावर तेजस्वी ठिपके दिसतात. साध्या मोड्यूलांतील अंतर डब्याच्या खोलीइतके ठेवल्यास पट बहुधा एकसारखा उजळतो. भिंग बसविलेली मोड्यूले प्रकाश अधिक पसरवितात व त्यांतील अंतर खोलीपेक्षा जास्त ठेवता येते. पट बसविण्यापूर्वी अंधारात दिवे लावून दुधी तक्त्याचा तुकडा वेगवेगळ्या उंचीवर धरून पाहणे, ही सर्वांत खात्रीची परीक्षा होय. तांबड्या अक्षरांमागे पांढऱ्याऐवजी तांबडी मोड्यूले लावावीत. पांढऱ्या द्विप्रस्थाच्या प्रकाशात गडद तांबडा अंश कमी असल्याने तांबडा पट त्यापुढे मळकट दिसतो.

पुरवठा संच निवडताना त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच भार द्यावा. वरील ७२ वॉटच्या भारास १०० वॉटचा संच योग्य ठरतो. १२ व्होल्टवर हा भार ६ अँपिअर प्रवाह घेतो. संच दुकानात ठेवून १० मी. अंतरावरील फलकापर्यंत १ चौ. मिमी. तांब्याची तार नेल्यास जाण्यायेण्याच्या २० मी. तारेत सु. २·१ व्होल्ट दाब गळतो व मोड्यूलांस दहापेक्षाही कमी व्होल्ट मिळतात. ‘दिवे नवीन असून मंद का ?’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. २·५ चौ. मिमी. तार वापरल्यास हीच घट एका व्होल्टच्या आत येते. त्याहून चांगला उपाय म्हणजे संच फलकाजवळ, परंतु पाऊस व थेट ऊन यांपासून दूर, हवेशीर ठेवणे. मोड्यूलांची फार लांब माळ न करता तिचे भाग पाडून प्रत्येकास स्वतंत्र जोड देतात.

जुन्या पट्टीतच एलईडी नलिका बसविणे हा सर्वांत सोपा वाटणारा मार्ग आहे. पण तो निर्धोक नाही. काही नलिकांना वीज एकाच टोकास, तर काहींना दोन्ही टोकांस द्यावी लागते. चोक व स्टार्टर मंडलातून न काढता किंवा जोडणीचा नकाशा न पाहता त्या बसविल्यास नलिका जळते अथवा उघड्या टोकास विजेचा धक्का बसतो. बदल केल्यावर पुढील कारागिराच्या माहितीसाठी डब्याच्या आत तशी चिठ्ठी डकवून ठेवावी.

मोड्यूलांचे आयुष्य ५०,००० तास असल्याचे सांगतात. रोज पाच तासांप्रमाणे ते सत्तावीस वर्षे भरेल. प्रत्यक्षात पुरवठा संचातील धारित्रे, जोडांतील गंज व बंद डब्यातील उष्णता यांमुळे फलक त्याआधीच दुरुस्तीस येतो. म्हणून जोड जलरोधक असावेत, डब्याच्या तळाशी पाणी निघून जाण्यास छिद्रे असावीत व धातूच्या डब्यास भूयोजन, म्हणजेच अर्थिंग, द्यावे. पावसात भिजलेल्या लोखंडी डब्यात वीज उतरल्यास शटर उघडणाऱ्याचाही प्राण जाऊ शकतो. गळती होताच वीज तोडणारा खटका येथे चैन नसून गरज आहे.

वारा व सांगाडा : भारतीय मानक ८७५ मधील सूत्रानुसार वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या ०·६ पट धरतात (वेग मी./से., दाब न्यूटन/चौ. मी.). ताशी १४० किमी. वेगाच्या वाऱ्याचा दाब त्यानुसार चौ. मीटरला ९०० न्यूटनांहून थोडा अधिक येतो. म्हणजे ३ चौ. मी. फलकावर सु. २७५ किग्रॅ. भाराएवढा रेटा पडतो. पटाचे स्वतःचे वजन त्यापुढे क्षुल्लक होय. जुन्या सांगाड्यावर पट बदलताना गंजलेले खिळबोल्ट व निखळलेले जोड तपासण्याची संधी आयतीच मिळते. ती दवडणे धोक्याचे असते.

मोठ्या जाहिरात फलकांच्या दुर्घटनांनी याची प्रचीती दिली आहे. पुण्यात ५ ऑक्टोबर २०१८ रोजी फलकाचा सांगाडा काढण्याचे काम चालू असताना तो रस्त्यावर कोसळून चारजण मृत्युमुखी पडले. पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे १७ एप्रिल २०२३ रोजी वादळी पावसात फलक पडून पाचजणांचा, तर मुंबईतील घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर कोसळून सतराजणांचा बळी गेला. दुकानाचा नामफलक आकाराने लहान असला, तरी तो नेमका लोकांच्या डोक्यावर, दाराच्या वर असतो. यासाठी सांगाडा उतरविताना वरचा भार प्रथम कमी करावा, खालची वर्दळ थांबवावी आणि शिडीवरील माणसाने कमरेला पट्टा बांधावा. छतावरील फलकांस, म्हणजे आकाशचिन्हांस, महानगरपालिकेची परवानगी लागते. खेड्यात ग्रामपंचायतीकडे चौकशी करून व विजेच्या तारांपासून पुरेसे अंतर राखून काम करणे हिताचे असते.

टाकाऊ वस्तूंची विल्हेवाट : प्रत्येक प्रकाशनलिकेत काही मिलिग्रॅम पारा असतो. ती फोडून उकिरड्यावर टाकल्यास पारा हवेत व पाण्यात मिसळतो. पाऱ्याच्या वापरास आळा घालणाऱ्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या परिषदेत अनुस्फुरक नलिकांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२६ व २०२७ या वर्षांअखेर, त्यांच्या प्रकारांनुसार, थांबविण्याचे ठरले. भारताने २०१८ मध्ये या करारास मान्यता दिली आहे. काढलेल्या नलिका अखंड ठेवून ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे देणे योग्य होय. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीच्या फलकांवर देशात १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. जाड जुने फ्लेक्स जाळल्यास विषारी वायू निर्माण होतात. गावोगावी ते गंजीवर वा गोठ्यावर पावसाळ्यापुरते आच्छादन म्हणून वापरतात; ही त्याची त्यातल्या त्यात निरुपद्रवी गती म्हणावी लागेल.

देखभाल : वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व दिवाळीपूर्वी, फलकाची पाहणी करणे इष्ट असते. पहिल्या पाहणीत सांगाडा, जलरोधन व भूयोजन. दुसरीत स्वच्छता, विझलेली मोड्यूले व रंग तपासतात. वेळ ठरवून देणारा स्वयंचलित खटका लावल्यास रात्रभर दिवे जळत नाहीत. मोड्यूलांची जात, पुरवठा संचाची क्षमता व पटाचे माप यांची नोंद मालकाने जपून ठेवल्यास पुढील दुरुस्ती सोपी होते. प्रकाश हवा तेवढाच असावा. अतितीव्र फलकाने वाहनचालकांचे डोळे दिपतात, शेजाऱ्यांची झोप मोडते आणि नाव वाचण्यासही तो गैरसोयीचाच ठरतो. मध्यम उजेड, मोकळी अक्षरे व भक्कम सांगाडा या तीन गोष्टी साधल्या, म्हणजे जुना डबाही नव्या पटानिशी अनेक वर्षे आपले काम करतो.